टेकिला मासा घरच्या टाकीत कसा सांभाळावा

मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातल्या तेउचित्लान नदीत सापडणारा झूगोनेटिकस टेकिला हा बोटभर लांबीचा मासा अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. प्रदूषण आणि बाहेरून आलेले मासे यांमुळे २००३च्या सुमारास तो नदीतून संपला. उरला तो प्राणिसंग्रहालयांच्या आणि हौशी लोकांच्या टाक्यांतच. १९९८ साली इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयाने मेक्सिकोतल्या मोरेलिया शहराच्या मिचोआकान विद्यापीठाला पाच जोड्या दिल्या होत्या. त्यांच्याच वंशातले सुमारे १,५०० मासे पुढे नदीत सोडले. हा मासा पाळणं म्हणजे निव्वळ शोभा नव्हे, ते एवढ्यासाठी.

१. एक जोडी आणू नका. एकटी मादी सापडली की नर तिला दमवतो. आठ-दहा मासे हवेत, आणि त्यांना किमान ८० लिटरची टाकी. कडेला दाट झाडं लावा. गढूळ पाणी नको. बोअरचं जड पाणी मात्र मानवतं.

२. हीटर लावू नका. २० ते २५ अंश पुरेत. आपल्याकडे खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. काचेचं झाकण काढून जाळी घाला आणि पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडा. पाणी उडून कमी झालं की साठवून ठेवलेल्या पाण्याने भरा.

३. खाणं मिश्र असावं: स्पिरुलिना या शेवाळाचे दाणे, उकडलेला पालक, अधूनमधून डासांच्या अळ्या.

४. शेपटीच्या काठावर नारिंगी पट्टा दिसला की तो नर. गप्पीची मादी एका मीलनावर अनेक वेळा विते. टेकिलाच्या मादीला मात्र दर खेपेला नर लागतो. साधारण दोन महिन्यांनी मोजकी पण चांगली मोठी पिल्लं होतात. जन्मताच त्यांच्या पोटाखाली रिबिनीसारखे धागे लोंबतात. आईकडून अन्न त्यांतूनच मिळालेलं असतं. कुणी जंत समजून औषध टाकू नये, ते आपोआप गळतात. आईबापांचं पोट भरलेलं असलं तर पिल्लं सहसा वाचतात.

५. मासे कुठून, कधी आले ते वहीत लिहा. याच कुळातले दुसरे मासे टाकीत घालू नका, संकर झाला तर वंशाची ओळखच पुसते. जादा पिल्लं द्यायची तर ती नोंद सोबत द्या. जवळच्या तळ्यात मात्र एकही सोडायचा नाही.