ताबा म्हणजे मालकी नव्हे: जागा घेताना या चुका टाळा

दस्त लिहिण्याच्या कामात एक वाक्य सतत कानावर येतं: "ताबा आपल्याकडे आहे ना, मग झालं!" नाही झालं. ताबा म्हणजे जागा प्रत्यक्ष तुमच्याकडे असणं. ती विकायचा, गहाण टाकायचा हक्क मालकाचा.

सर्वांत महागात पडते ती नोटरी केलेली ताबापावती, म्हणजे पैसे घेऊन ताबा दिल्याचा बिननोंदणीचा कागद. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये व त्यावरच्या किमतीच्या स्थावराची खरेदी नोंदणीकृत खरेदीखतानेच पुरी होते. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने मुद्रांक शुल्क वाचवायला पावतीवर जागा घेतली, घर बांधलं. घरपट्टी, वीजबिल, सगळं त्यांच्या नावावर. विकणारा वारला आणि वारसांनी तीच जागा तिसऱ्याला रीतसर खरेदीखताने विकली. विकणाऱ्याच्या बहिणींचा हिस्सा होता, तोही कुणी विचारला नव्हता. जोडपं आज कोर्टाच्या तारखा करतंय. घाईत वाचवलेले पैसे वकिलाच्या फीत केव्हाच गेले. अशा वेळी मला फार वाईट वाटतं, कारण नोंदणी करायला काही महिने थांबले असते तर हे टळलं असतं.

दुसरा हट्ट: "बारा वर्षं कसतोय, आता जमीन माझीच." 1963 च्या मुदत कायद्यात मालकाने ताबा परत मागायची मुदत बारा वर्षं आहे, पण ती नुसत्या कसण्याला लागू नाही. ताबा उघड, सलग आणि मालकाचा हक्क नाकारून असावा लागतो, आणि ते सिद्ध करायचं तुम्हीच. भाडेकरू, राखणदार, मालकाच्या परवानगीने राहणारा यांची वर्षं अशी मोजली जात नाहीत. एकत्र जमीन कसणाऱ्या भावाचा ताबाही सहसा बहिणींच्या वतीनेच धरतात. सरकारी जमिनीला तर मुदत 30 वर्षांची.

सातबारा हा महसुली दाखला आहे. त्यावर नाव आलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. मी जुने हस्तलिखित फेरफार (उताऱ्यावरची नावं कशी बदलली त्याच्या नोंदी) काढल्याशिवाय आणि शेजारच्या बांधावरच्या माणसाशी बोलल्याशिवाय मसुद्याला हात लावत नाही. ऑनलाइन उतारा पाहून लगेच बयाणा देणाऱ्यांना मी परत पाठवतो.

कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे मालकाने आपल्या वतीने व्यवहार करायला दिलेल्या अधिकारपत्रावर, "खरेदी" करू नका. त्याने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे.

फ्लॅटची किल्ली घेण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मागा.

उताऱ्यावर "भोगवटादार वर्ग 2" (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं, तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.