वाडग्याचा ठोकळा लावण्याआधी लेथची सेंटरं जुळवा

लाकूड कातायच्या लेथवर नुसत्या दोन सेंटरांमध्ये, म्हणजे दोन्हीकडच्या टोकदार टेकूंमध्ये, धरून कातताना सेंटर थोडं आउट (रेषेबाहेर) असलं तरी काम गोलच निघतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. घोळ होतो तो ठोकळा चकवर (जबड्यांच्या फिरत्या पकडीवर) घेऊन मागून टेलस्टॉकचा (समोरच्या सरकत्या भागाचा) टेकू दिल्यावर. चक एका रेषेवर फिरवतो, टेलस्टॉकचं टोक दुसरीकडे रेटतं. टेनन (चकने पकडायला वाडग्याच्या तळाशी ठेवलेला गोल खुंटा) जबड्यांत दर फेरीला वाकतो, त्याच्या कडा चेपतात आणि वाडगा डुगडुगायला लागतो.

आधी दोन्ही टेपर (सेंटरं बसतात ती निमुळती भोकं) कोरड्या फडक्याने पुसून घ्या. आत भुशाचा कण राहिला तरी टोक बाजूला जातं. स्पर सेंटर (लाकडात रुतणाऱ्या दात्यांचं) हेडस्टॉकमध्ये (लाकूड फिरवणाऱ्या भागात) आणि रिव्हॉल्व्हिंग सेंटर (कामाबरोबर फिरणारं) टेलस्टॉकमध्ये बसवा, दोन्ही टोकं जवळजवळ टेकवा आणि टेलस्टॉक आणि त्यातली पुढे-मागे होणारी नळी (क्विल) दोन्ही लॉक करा. लॉक करताना टेलस्टॉक सरकतो, त्यामुळे त्याआधी पाहिलेलं धरू नका. वरून पाहिलं की डावं-उजवं कळतं, बाजूने पाहिलं की उंची. शंका वाटली तर स्टीलची पातळ पट्टी टोकांमध्ये हलकी धरा. ती तिरकी झाली तर टोकं समोरासमोर नाहीत. स्पिंडल (हेडस्टॉकचा फिरता दांडा) हाताने फिरवल्यावर स्परचं टोकच गोल फिरत असेल, तर दोष सेंटरचा किंवा टेपरचा आहे. लेथला हात लावू नका.

टेपर ठीक असून फरक उरला, तर बेड (लेथचा लांब पाया) पिळलेला आहे का ते पाहा. खाली-वर असलेल्या टेबलावर चारही बोल्ट आवळले की बेडला पीळ बसतो. बोल्ट सैल करून टोकं जुळली, तर ज्या पायाखाली फट आहे तिथे शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला. हेडस्टॉकचे बोल्ट सैल करणं हा शेवटचा उपाय. टेलस्टॉकची जीभ बेडच्या खाचेत थोडी खेळत असेल, तर दर वेळी तो आपल्याकडे ओढूनच लॉक करा. उंची कमी पडली तर पेयाच्या ॲल्युमिनियम कॅनचा पत्रा शिम म्हणून चालतो, तो साधारण 0.1 मिमी असतो.

आता ठोकळा. सालीवर स्पर ठोकू नका, ती निघून येते. स्परपेक्षा थोड्या मोठ्या फोर्स्टनर बिटने (सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या बिटने) साल काढून कोरं लाकूड उघडं करा. वाडग्याचा तळ टेलस्टॉककडे ठेवा. हाताने फिरवून सोडा. दर वेळी तीच बाजू खाली येत असेल, तर टेलस्टॉक सैल करून ठोकळ्यावरची सेंटरची जागा त्या बाजूकडे थोडी सरकवा. 250 मिमीच्या ओबडधोबड ठोकळ्याला सुरुवातीचा वेग 300-400 आरपीएम पुरे, तोंडावर फेसशील्ड हवीच. बाहेरचा आकार काढून तळाशी 50 मिमीच्या जबड्यांना साजेसा, 8 ते 10 मिमी लांबीचा टेनन काढा. तो चकच्या बुडाला टेकता कामा नये. जबड्यांच्या तोंडावर टेननचा खांदा टेकला पाहिजे.

चकमध्ये उलटा घेतल्यावर आता वाडग्याचं तोंड टेलस्टॉककडे येतं. तिथे मध्यावर सपाट कातून घ्या आणि हाताने फिरवत टेलस्टॉकचं टोक अलगद टेकवा. एकच ठिपका उमटला तर रेषा बरोबर. बारीक वर्तुळ उमटलं, तर त्याची त्रिज्या म्हणजेच टेलस्टॉकचा फरक. ठिपका बरोबर आहे पण वाडग्याची कड थरथरतेय? मग टेलस्टॉकला दोष देऊ नका. जबडे सैल करा, खांद्याखालचा भुसा झटका आणि टेनन पुन्हा बसवा.