दारातल्या बर्फावर मीठ टाकताना

सोलापुरात थंडी म्हणजे हुरडा आणि शेकोटी. रस्त्यावर बर्फ कुठला यायला! पण हल्ली घरटी एखादं पोर कॅनडा-जर्मनीत असतं, आणि डिसेंबरात आई-बाबा तिकडे जातात. त्यांच्यासाठी हे.

मटका कुल्फीवाला बर्फात जाडं मीठ घालतो ते आठवा. मिठाचं पाणी शून्याला गोठत नाही, त्याहून बरंच खाली गोठतं. रस्त्यावरचं मीठही याच कारणानं काम करतं. मात्र आधी फावड्यानं बर्फ ओढून काढायचा, मगच मीठ. ढिगावर ओतलं तर वाया जातं. आणि ओतायचं नाहीच, पेरायचं. दोन खड्यांत चार बोटांचं अंतर असलं तरी पुरतं. जास्तीचं मीठ झाडं जाळतं, गाडीचा पत्रा खातं.

उणे दहाच्या खाली साधं मीठ फारच मंदावतं. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड आणा, नाहीतर सरळ वाळू टाका. वाळूनं बर्फ वितळत नाही, पण पाय घसरत नाही. जाणकार तर बर्फ पडायच्या आधीच मीठ टाकतात, म्हणजे तो जमिनीला चिकटत नाही.

गरम पाणी ओतायचा मोह आवरा, तेवढं ऐका. घटकाभरात त्याचीच काच होते, आणि पहाटे दूध आणायला निघालेले बाबा पायरीवरच आडवे.