शाळा उघडताना या चुका टाळा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. नेमकी तेव्हाच पेरणीची घाई असते. बाया सकाळीच सरकी टोबायला वावरात निघतात आणि पहिलीत जाणारं लेकरू दारात रडत उभं राहतं. मग त्याच त्या चुका होतात, आणि आम्हा शिक्षकांना त्या निस्तरता निस्तरता श्रावण लागतो.

सर्वांत वाईट चूक म्हणजे लेकराची नजर चुकवून सटकणं. एका मायनं पोराला सांगितलं, "मी अठीच चिंचेखाली बसतो, तू जाय आत." पोरगं पाटीकडे वळलं आणि ती वावरात गेली. त्यानं खिडकीतून पाहिलं तर चिंचेखाली कोणीच नाही. ते ओरडलं नाही, एकदम गप्प झालं. दप्तर पाठीवरून उतरवेना, खिचडीला हात लावेना, लघवीलाही जाईना. खिडकी सोडली आणि तेवढ्यात माय येऊन गेली तर? पोळा झाला तरी त्याची जागा खिडकीजवळच होती.

रडणं टाळायला खोटं बोलू नका. रडू द्या, बहुतेक लेकरं आईबाप दिसेनासे झाले की थोड्या वेळात खेळायला लागतात. खरं सांगा: "मी वावरात जातो. खिचडी खाशील, खेळशील, मंग शाळा सुटते. आजी येते न्याले." पहिलीच्या पोराला घड्याळ कळत नाही, खिचडी कळते. आणि मग आजी फाटकाशी वेळेवर हजर पाहिजे. निरोप एकदाच घ्या. पुन्हा पुन्हा मागं फिरणाऱ्या मायच्या लेकराला मी शांत करू शकत नाही.

"शाळा उघडू दे, मास्तर कसा सिधा करते तुले!" उन्हाळाभर हे ऐकलेलं पोर मला लघवीला जाऊ का हे विचारायलाही घाबरतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. हेच त्याला घरी सांगा.

सकाळी पोट दुखतं म्हणतो, ते नाटक नसतं. भीतीनं खरंच दुखतं. ताप, उलटी, हगवण नसेल तर जवळ घ्या, पाणी द्या आणि शाळेत पाठवा. "राहू दे आजच्या दिवस" ही सोपी वाट मला अजिबात पटत नाही. घरी राहिलं की उद्याची भीती आणखी वाढते. रविवारीही दुखत असेल किंवा रात्री दुखून जाग येत असेल, तर मात्र डॉक्टरला दाखवा. कोणी चिडवतं का, शाळेच्या संडासात जायला भीती वाटते का, हेही विचारा. पण सकाळच्या धावपळीत नको, रात्री जेवताना.

मोबाइलची लालूच नको. झोपायची वेळ आठवडाभर आधीच बदला.

पाचवीला दुसऱ्या गावी जाणाऱ्यांची भीती वेगळी असते, बहुतेक एसटीची. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना पास मोफत मिळतो, पण गर्दीत चढायचं कसं, उतरायचं कुठं आणि बस चुकली तर कोणाकडे थांबायचं, हे पास शिकवत नाही. शाळा उघडायच्या आधी एकदा तिच्यासोबत त्याच बसनं जाऊन या.