केनिया-टांझानियात नोकरीला जाताय? खडबडीत रस्त्यांसाठी गाडी अशी निवडा

नाशिकहून पूर्व आफ्रिकेत शेती, बांधकाम किंवा कारखान्याच्या कामावर जाणाऱ्यांनी आधी एवढं पक्कं करावं: राहायच्या गावातला मिस्त्री जी गाडी खोलून जोडू शकतो, तीच घ्यायची.

म्हणून पोचल्या पोचल्या खरेदी नको. तीन-चार आठवडे भाड्याच्या गाडीवर काढा. रोजच्या वाटेवर डांबर किती, मुरूम किती, ओढे किती, हे लिहून ठेवा. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, तेव्हा त्या वाटेचं काय होतं ते शेजाऱ्यांना विचारा. मग जवळच्या दोन गॅरेजमध्ये जा. कोणत्या गाडीची क्लच प्लेट, शॉकअप आणि डिझेल फिल्टर आजच्या आज मिळेल? उत्तर बहुतेक वेळा टोयोटा हेच येतं. सातपूरला बनणारी बोलेरो ओळखीची असली आणि तिथेही स्टिअरिंग उजवीकडेच असलं, तरी सुटे भाग त्या गावात मिळत असतील तरच तिचा विचार करा. जपानहून जुनी गाडी मागवणार असाल, तर केनिया ८ वर्षांपेक्षा जुनी गाडी आत घेत नाही.

फोर बाय फोर, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणारी गाडी, लागतेच असं नाही. कोरड्या मुरमावर २०० मिलिमीटरच्या आसपास ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर) असलेली साधी गाडी वर्षानुवर्षं चालते. काळ्या मातीत मात्र गणित बदलतं. नैरोबीच्या आसपासची काळी माती निफाडकरांना लगेच ओळखू येईल: पाऊस पडला की ती टायरच्या नक्षीत भरते, मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक जागेवर फिरत राहतं. तिथे लो गिअर (वेग कमी, ताकद जास्त) असलेली फोर बाय फोरच हवी.

टायरकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. २६५/७० आर १६ या टायरची बाजू सुमारे १८५ मिलिमीटर उंच असते, २३५/५० आर १८ ची जेमतेम ११७. खड्ड्याच्या धारदार कडेवर आदळल्यावर उंच बाजू दबून मार सोसते. बुटक्या टायरमध्ये रिमच वाकते किंवा टायरची बाजू फाटते. म्हणून दिसायला भारी मोठी रिम टाळा, आणि स्टेपनी पूर्ण मापाचीच घ्या. मुरमावर हवा साधारण २० टक्के कमी करा, म्हणजे ३५ पीएसआयची २८, आणि वेगही कमी ठेवा. डांबरावर आलात की हवा परत भरा. कमी हवेत वेगाने पळवलं तर टायर तापून फुटतो.

डिझेलचाही विचार करा. आपल्या बीएस ६ डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) असतं, पूर्व आफ्रिकेत ते त्याहून जास्त असू शकतं. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर अशाने लवकर त्रास देऊ शकतो. शहरापासून लांब राहणार असाल तर साधं जुन्या पद्धतीचं डिझेल इंजिन किंवा पेट्रोल बरं.

जुनी गाडी पाहताना आधी खाली वाका. चेसीवर ताजा काळा रंग दिसला तर संशय घ्या. त्याखाली गंज नाहीतर वेल्डिंग असू शकतं. पाटे चेसीला जोडले जातात तिथे तडे शोधा. शॉकअप तेलाने ओला असेल तर तो गेलेला आहे. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा: खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट खराब, डावी-उजवीकडे असेल तर स्टिअरिंगचा टाय रॉड. लो गिअर टाकून वीसेक मीटर सरळ चालवा, पण मुरमावरच. डांबरावर चाकं घसरत नाहीत आणि ताण गिअरवर येतो.

निघण्याआधी पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो एक वर्ष चालतो.

गाडी घेतल्यावर पहिल्या १००० किलोमीटरनंतर चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि बॅटरीचा क्लॅम्प पुन्हा आवळा. मुरमाच्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात. त्यांच्या सततच्या कंपाने बोल्ट सुटतात आणि सैल बॅटरीच्या आतल्या प्लेटा तुटतात.