एचटीएमएलपासून पीडीएफ: आधी मराठी अक्षरं तपासा

पावती, दाखला, गुणपत्रिका... वेब अ‍ॅप्लिकेशनवर काम करणाऱ्या नवख्याकडे पीडीएफ बनवायचं काम कधी ना कधी येतंच. बरेच जण त्यासाठीची लायब्ररी (तयार कोडचा संच) निवडताना वेग बघतात. मजकूर मराठी असेल तर माझा आग्रह असा, की आधी 'किरण', 'कीर्ती', 'ज्ञानेश्वर', 'दुसऱ्या' एवढे शब्द छापून बघा.

एका पतसंस्थेच्या पावत्यांवर काम करताना हे मला पक्कं कळलं. ब्राउझरमध्ये पावती सुरेख दिसायची, पीडीएफमध्ये मात्र 'किरण'ची वेलांटी 'क'च्या उजवीकडे जायची आणि जोडाक्षरं सुटी व्हायची. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतरच साठवली जाते. ती डावीकडे नेणं आणि जोडाक्षरं जुळवणं हे मजकूर मांडणाऱ्या इंजिनाचं काम. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते हार्फबझ नावाचं इंजिन करतं. पीएचपी भाषेतल्या डॉमपीडीएफ या लायब्ररीत ही सोय नाही, त्यामुळे कितीही चांगला फॉन्ट दिला तरी फरक पडत नाही. पीएचपीच्याच एमपीडीएफमध्ये सोय आहे, पण फॉन्टच्या सेटिंगमध्ये 'यूज-ओटीएल' (ओपनटाइप मांडणी) चालू करावं लागतं. पायथनवाल्यांनी वीझीप्रिंट घ्यावं. ते पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीच्या आधारे देवनागरी नीट मांडतं, फक्त जावास्क्रिप्ट चालवत नाही. आलेख वगैरे जावास्क्रिप्टनं काढत असाल तर पपेटिअर (क्रोमला कोडमधून चालवणारी लायब्ररी) घ्या, कारण तिथे प्रत्यक्ष क्रोमच पान छापतो. जुन्या लेखांत डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ सुचवलेलं दिसेल. तो प्रकल्प 2023 मध्ये बंद झाला, नव्या कामात तो नकोच.

आपल्या लॅपटॉपवर सगळं छान आणि सर्व्हरवर अक्षरांच्या जागी चौकोन, असं झालं तर डॉकर इमेजमध्ये (सर्व्हरवर अ‍ॅप्लिकेशन ज्या बांधीव पॅकेजमधून चालतं त्यात) देवनागरी फॉन्ट नाही असं समजा. नोटो सान्स देवनागरी त्यातच बसवून टाका.

पानाचा आकार सीएसएसच्या 'पेज' नियमात द्या. ए-4 म्हणजे 210 × 297 मिमी. तक्त्याची ओळ मध्येच तुटू नये म्हणून 'ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड' वापरा. पपेटिअरमध्ये पार्श्वभूमीचे रंग मुळात छापलेच जात नाहीत, 'प्रिंट-बॅकग्राउंड' चालू करावं लागतं.

सुरक्षेकडे मात्र काणाडोळा अजिबात करू नका. वापरकर्त्यानं नावाच्या रकान्यात आयफ्रेम (पानाच्या आत दुसरं पान उघडणारा टॅग) टाकला आणि तो तसाच टेम्प्लेटमध्ये गेला, तर पीडीएफ बनवणारा ब्राउझर तुमच्या सर्व्हरच्या आतले पत्ते उघडू शकतो. क्लाउडवर सर्व्हरची स्वतःची माहिती देणाऱ्या 169.254.169.254 या पत्त्यावरून सर्व्हरच्या गुप्त चाव्यासुद्धा बाहेर जाऊ शकतात. म्हणून बाहेरून आलेला प्रत्येक मजकूर एस्केप करा, म्हणजे त्यातले टॅग चालणार नाहीत, नुसती अक्षरं म्हणून छापले जातील, आणि त्या ब्राउझरला नको असलेलं नेटवर्क बंद ठेवा.

आणखी एक. पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला की अक्षरांचा क्रम बऱ्याचदा बिघडतो. त्यामुळे शोधाची सोय डेटाबेसमधल्या मूळ नोंदींवरच बांधा.