बोटीचं आउटबोर्ड इंजिन गुदमरतंय? आधी बल्ब बघा

बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं हे इंजिन संथ चालतं पण थ्रॉटल वाढवला की दम सोडतं, अशा वेळी प्लग खोलायची घाई नको. पेट्रोलच्या नळीवरचा प्रायमर बल्ब (हाताने दाबून पेट्रोल इंजिनाकडे ढकलायचा रबरी फुगा) बघा. तो चोखल्यासारखा चपटा झाला असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला. बहुतेकदा टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचाच राहिलेला असतो. झाकण सैल करताच फुस्स आवाज आला, की चोर सापडला. बल्ब दाबूनही कडक होत नसेल (बाण इंजिनाकडे आणि वर धरून दाबा), तर जोडांतून हवा शिरतेय किंवा बल्बचा व्हॉल्व्ह गेलाय. दाबत राहिल्यावर इंजिन सावरलं, तर हवागळती नाहीतर फ्युएल पंप तपासा. पाण्याचा संशय असेल तर फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत 10 मिनिटं ठेवा. पाणी तळाशी वेगळं दिसतं.

इंजिनाचा धोक्याचा बझर सलग वाजला तर मात्र थ्रॉटल लगेच खाली. इंजिनातून बाहेर पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धार नसेल तर इंजिन बंद करून वर उचला, पाणी ओढणाऱ्या जाळीवरची पिशवी-शेवाळ काढा, धारेच्या भोकात बारीक तार फिरवा. तरी धार नाही? मग बहुधा इंपेलर (पाण्याच्या पंपातलं पात्यांचं चाक) गेलाय. धार ठीक असेल तर फोरस्ट्रोक इंजिनाच्या डिपस्टिकवर तेलाची पातळी बघा.